सस्क्वेहॅनावर स्मॉलमाउथ बास: बदलत्या पाण्यात गळ टाकण्याचा क्रम

पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, मेरीलँडकडची बरीच मराठी मंडळी शनिवार-रविवारी हॅरिसबर्गच्या आसपास सस्क्वेहॅना नदीवर स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशासाठी गळ टाकायला जातात आणि रिकाम्या हातानं परततात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: मागच्या खेपेला जिथे मासा लागला त्याच दगडावर उभं राहायचं, आणि लागला नाही की डब्यातलं एकेक लूर (खोटं आमिष) काढून बदलत बसायचं. दरम्यान नदी दीड फूट चढलेली असते, किंवा पाणी दहा अंशांनी गार झालेलं असतं, आणि मासा त्या दगडापाशी उरलेलाच नसतो.

निर्णय घेण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी पाण्याचं तापमान, मग पातळी चढते आहे की उतरते आहे, मग गढूळपणा, मग उजेड. या चार गोष्टींवरून जागा ठरते, जागेवरून लूर ओढण्याचा वेग ठरतो आणि लूर सगळ्यात शेवटी. खाली दिलेले टप्पे सनबरी ते हॅरिसबर्ग या रुंद, उथळ, कातळाच्या पात्राला धरून आहेत. पोटोमॅक किंवा जेम्स नदीवर जाणाऱ्यांनाही क्रम हाच लागू पडतो, फक्त गेजचे (नदीची पातळी मोजणाऱ्या केंद्राचे) आकडे तिथले घ्यायचे.

टप्पा १: घरून निघण्याआधी गेज पाहा

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या, म्हणजे यूएसजीएसच्या संकेतस्थळावर नदीची पातळी आणि प्रवाह जवळपास चालू घडीचा दिसतो. हॅरिसबर्गचा गेज तर पाहायचाच, पण त्याआधी वरच्या अंगाचे दोन पाहायचे: मुख्य नदीवरचा सनबरीचा आणि ज्युनिआटा नदीवरचा न्यूपोर्टचा. हॅरिसबर्गला जे पाणी उद्या येणार, ते आज तिथे दिसतं.

नुसता आजचा आकडा पुरत नाही. आलेख मागच्या सात दिवसांचा उघडा आणि रेघ कुठे वळली ते बघा. चार फुटांवर उतरत आलेली नदी आणि चार फुटांवर चढत चाललेली नदी या मासेमारीच्या दृष्टीनं दोन वेगळ्या नद्या आहेत. उन्हाळ्यात हॅरिसबर्गची पातळी साधारण साडेतीन-चार फुटांच्या आसपास असते आणि पायी उतरण्याजोगं पाणी याच सुमाराला मिळतं. त्याच्या बरंच वर असेल तर काठावरून गळ टाका किंवा बेत पुढे ढकला.

आणखी एक गोष्ट इथे फार कामाची आहे. ज्युनिआटा पश्चिमेकडून डंकननपाशी सस्क्वेहॅनाला मिळते, पण संगमाखाली नदी इतकी रुंद आणि उथळ आहे की दोन पाणी लगेच एकमेकांत मिसळत नाहीत. ज्युनिआटाच्या खोऱ्यात पाऊस झाला तर गढूळ पट्टा मैलोन् मैल पश्चिम काठ धरून वाहतो आणि पूर्व काठाचं पाणी त्याच वेळी बऱ्यापैकी निवळ असू शकतं. म्हणून ‘नदी गढूळ आहे’ असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या काठाला?

तपासा: पेनसिल्व्हेनियात १६ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. सस्क्वेहॅनाच्या या मधल्या पट्ट्यात बाससाठी राज्याच्या सर्वसाधारण नियमांपेक्षा कडक नियम आहेत. मासेमारी व नौकानयन आयोगाची चालू वर्षाची पुस्तिका वाचूनच निघा. हा लेख मासा धरून सोडून देण्याला धरून आहे.

टप्पा २: सामान, पण मोजकंच

रॉड एक पुरे: साडेसहा ते सात फुटांचा, मीडियम ताकदीचा, टोकाला चटकन वाकणारा स्पिनिंग रॉड आणि २५०० आकाराचं रीळ. रिळावर १० पाउंड ताकदीची विणलेली लाइन (ब्रेड) आणि तिच्या पुढे ६ ते १० फूट ८ पाउंडाचा फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे लूरकडचा पारदर्शक तुकडा. पाणी आरशासारखं निवळ असेल तर लीडर ६ पाउंडाचा, गढूळ असेल तर १० ते १२ चा.

दोन लाइनी जोडायला डबल युनी गाठ घाला: ब्रेडच्या बाजूनं ७-८ वेढे, लीडरच्या बाजूनं ५. ओढण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करा. कोरडी गाठ ओढली की फ्लोरोकार्बन घासून गरम होतो, पांढुरका पडतो आणि तिथेच तुटतो. गाठीजवळ लाइनचा रंग बदललेला दिसला तर कापून पुन्हा बांधा.

लूरमध्ये एवढं असलं की वर्ष निघतं:

- ट्यूब (पोकळ, मऊ रबरी लूर), साडेतीन इंची, हिरवट-तपकिरी (ग्रीन पम्पकिन) आणि काळी. आत घालायची जिगहेड (शिशाचं डोकं असलेला गळ) १/८, ३/१६ आणि १/४ औंसाची
- नेड रिग (छोट्या जिगहेडवरची मऊ काडी), पावणेतीन इंची, १/१० ते १/६ औंस
- स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं लूर), ३/८ औंस, पांढरं आणि पिवळट-हिरवं
- पाण्यात अधांतरी थांबणारं, माशाच्या आकाराचं जर्कबेट, सुमारे ४ इंची
- पाण्यावरचं एखादं पॉपर
- केसांची जिग, १/८ औंस, थंडीसाठी

ट्यूबमध्ये जिगहेड बसवताना नवखे हमखास चुकतात. ट्यूबचं तोंड बोटांनी उघडा, जिगहेड आतून शेवटपर्यंत सरकवा आणि शिशाचं टोक ट्यूबच्या बंद नाकाला टेकलं की गळाचं टोक ट्यूबमधून अलगद बाहेर काढा. मग नखानं दाबून लाइन बांधायचं कडं वरून फोडून बाहेर आणा. शिसं नाकापाशी घट्ट बसलं तर ट्यूब बऱ्यापैकी सरळ तळाला जाते. थोडं मागे राहिलं तर गोल गोल फिरत खाली जाते.

थर्मामीटर, पोलराइज्ड चष्मा, लांब नाकाची पक्कड, पायी उतरायचं असेल तर काठी आणि लाइफ जॅकेट. गळांच्या टोकामागचे उलटे काटे पकडीनं आधीच घरी चेपून ठेवा.

सावध: १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या काळात पेनसिल्व्हेनियात कयाक, कनू आणि १६ फुटांखालच्या बोटीत लाइफ जॅकेट अंगात घातलेलं असणं कायद्यानं बंधनकारक आहे. पायी उतरणाऱ्यांनीही ते घालावं.

टप्पा ३: काठावर पहिली दहा मिनिटं गळ टाकू नका

हा टप्पा जवळजवळ प्रत्येक जण गाळतो. काठावर आल्यावर तीन गोष्टी करा.

एक: थर्मामीटर कोपरभर खोल, वाहत्या पाण्यात आणि सावलीत दोन मिनिटं धरा. काठाच्या साचलेल्या पाण्यात घेतलेलं तापमान उन्हाळ्यात खोटं असतं.

दोन: पांढरं लूर लाइनला लावून हळूहळू खाली सोडा आणि ते किती खोलीवर दिसेनासं होतं ते पाहा. एक फुटाच्या आत दिसेनासं झालं तर फक्त काठालगत आशा धरायची. एक ते तीन फूट म्हणजे उत्तम डहुळ पाणी. तीन फुटांहून पुढे दिसत असेल तर मासाही तुम्हाला बघतो आहे हे ध्यानात ठेवा.

तीन: पाण्याच्या रेषेवर, बरोबर ओलं-कोरडं जिथे मिळतं तिथे, एक ओळखू येईल असा दगड ठेवा. अर्ध्या तासानं परत पाहा. दगड बुडाला असेल तर नदी चढते आहे आणि तुम्ही एखाद्या बेटावर किंवा मधल्या कातळावर असाल तर तत्काळ काठाला या.

टप्पा ४: तापमानावरून हंगाम ओळखा

कॅलेंडर बाजूला ठेवा. स्मॉलमाउथचा हंगाम पाण्याच्या तापमानावर चालतो.

५०° फॅरनहाइटच्या खाली (१०° सेल्सिअस) मासा संथ, खोल डोहात गोळा होतो. ५० ते ६० मध्ये तो डोहाच्या कडेनं उथळाकडे सरकतो आणि खायला लागतो. ६० ते ६५ च्या सुमाराला, म्हणजे साधारण १५ ते १८° सेल्सिअसला, नर वाळू-खडीत घरटी उकरतात आणि अंड्यांवर पहारा देतात. या दिवसांत उथळात ताटाएवढा साफ केलेला गोल दिसला तर तिथे गळ टाकू नका. नर ओढून बाजूला नेला की छोटे मासे काही क्षणांत अंडी फस्त करतात.

६५ ते ७८ हा खुला काळ, जवळजवळ सगळं चालतं. ८० च्या वर पहाट तेवढी आपली. ऊन चढलं की थांबा, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो.

कोकणात, रायगडात वाढलेल्यांच्या मनात एक गणित पक्कं बसलेलं असतं: पहिल्या पावसाचा लोंढा आला की वलगणीचे मासे चढणीला लागतात, म्हणजे गढूळ चढतं पाणी हीच पर्वणी. स्मॉलमाउथला ते लागू नाही. तो अंडी घालायला पुराची वाट पाहत नाही, तापमानाची पाहतो. पूर आला की तो आडोसा शोधतो.

टप्पा ५: चढतं पाणी

नदी चढायला लागल्यावर पहिले काही तास, पाणी अजून पुरतं गढूळ झालेलं नसताना, मासा जोरात खातो. काठावरचे किडे, गांडुळं, क्रेफिश (झिंग्यासारखा गोड्या पाण्यातला प्राणी) पाण्यात ओढले जातात आणि मासा त्यांच्यामागे काठाकडे येतो. हा अवधी छोटा असतो. मधल्या कातळांवर गळ टाकण्यात तो घालवू नका.

जागा: काठापासून ५-६ फुटांतली, बुडालेल्या गवताची कड, बेटाच्या खालच्या टोकामागचं संथ पाणी, ओढ्याचं मुख, पडलेल्या झाडाच्या मागची बाजू. प्रवाह जिथे उलटा फिरून भोवरा होतो, त्या भोवऱ्याची आतली कड.

पद्धत: स्पिनरबेट काठाला समांतर टाका. काठाकडून नदीकडे ओढलं तर लूर पहिले पाच फूटच कामाच्या पाण्यात असतं, समांतर ओढलं तर पूर्ण वेळ. पातं गोलसर घ्या, गढूळ पाण्यात त्याची थरथर माशाला जास्त जाणवते. डहुळ वाढलं तर काळी ट्यूब, १/४ औंस, गवताच्या कडेला टाकून जागच्या जागी हलवा.

सावध: प्रवाहात लाकडं, ओंडके वाहताना दिसले तर त्या दिवशीची मासेमारी संपली. पाण्यात उतरलेले असाल तर प्रवाहाला पाठ करून वळू नका. वरच्या अंगाला तिरकं तोंड करून, काठी वरच्या बाजूला टेकून, एक पाऊल रोवल्याशिवाय दुसरं न उचलता काठाला या.

टप्पा ६: उतरतं पाणी

वर्षातले सगळ्यात चांगले दिवस हेच, आणि लोक नेमके तेव्हा घरी बसतात, कारण फोटोत नदी अजून तपकिरी दिसते. पातळी उतरू लागली आणि दोन फूट दिसू लागलं की निघा.

उतरत्या पाण्याबरोबर मासा काठापासून टप्प्याटप्प्यानं आत जातो. पहिल्या दिवशी गवताच्या बाहेरच्या कडेला, मग बेटांच्या टोकांना आणि पाणी नेहमीच्या पातळीला आलं की पुन्हा कातळाच्या आडव्या पायऱ्यांवर. काल जिथे लागला त्याच्या दहा-वीस फूट आत आज शोधा.

कातळाची पायरी वाचायची कशी? या पट्ट्यात खडकाच्या धारा नदीला आडव्या आहेत. पाणी धारेवरून घसरतं आणि खालच्या अंगाला खळगा होतो. मासा तीन ठिकाणी असतो: धारेतल्या खिंडीच्या खालच्या तोंडाशी जिथे वेगवान आणि संथ पाण्याची शिवण दिसते, खळग्याच्या खोल सावलीत आणि धारेच्या अगदी वरच्या अंगाला जिथे पाणी क्षणभर थोपतं. तिसरी जागा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

खालून वर चढत जा. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, त्यामुळे मागून येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो आणि पायांनी उडालेला गाळही त्याच्यापर्यंत जात नाही. आधी जवळचं पाणी, मग लांबचं.

ट्यूब वरच्या अंगाला तिरकी टाका, तळाला जाऊ द्या, रॉडचं टोक उंच धरा आणि सैल झालेली लाइन तेवढी गुंडाळत राहा. लूर प्रवाहानंच घरंगळायला हवं. हाताला दर दोन-तीन सेकंदांनी एक हलकी टकटक जाणवली तर वजन बरोबर आहे. टकटक येतच नसेल तर वजन कमी पडतंय. दर फेकीला अडकत असेल तर जास्त आहे. बदल १/१६ औंसाच्या पायरीनंच करा. ‘इथे लूर फार अडकतं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा १/४ औंसाचं शिसं असतं, जिथे १/८ पुरलं असतं.

चावा कळणं हा वेगळा सराव आहे. दगड लागला की टक् होतं आणि लाइन ताठ राहते. मासा लागला की टक् होतं आणि लाइन किंचित बाजूला सरकते किंवा एकदम सैल पडते. म्हणून टोकाकडे न बघता लाइन पाण्यात शिरते तिथे नजर ठेवा.

लूर अडकलं तर मागे ओढू नका, गळ आणखी रुततो. लाइन ताठ करून रॉड व रीळ यांच्यामधली लाइन बोटांनी धनुष्यासारखी ताणा आणि झटकन सोडा. दोन-चार वेळा केलं की बहुधा सुटतं. नाही सुटलं तर वरच्या अंगाला जाऊन हलवा.

टप्पा ७: उन्हाळ्यातलं खाली गेलेलं, निवळ पाणी

ऑगस्टमध्ये तळाची खडी दिसते आणि मासे दिसतात, पण लागत नाहीत. पहाटे उजाडण्याआधी आणि सूर्य डोंगराआड गेल्यावर डोहाच्या शेपटाला, जिथे पाणी पुन्हा उथळ होऊ लागतं, पॉपर टाका. टाकल्यावर पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत हलवू नका. हल्ला झाला तरी लगेच झटका देऊ नका. मासा जड लागला की मगच.

दिवसा खळाळत्या पाण्यात जा. तिथे प्राणवायू जास्त आणि वरचा पृष्ठभाग फुटलेला, त्यामुळे माशाला तुम्ही स्पष्ट दिसत नाही. नेड रिग, ६ पाउंडाचा लीडर, निदान ४० फूट अंतर. सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि पाय घासत चालू नका, खडीचा आवाज पाण्यात लांब जातो.

थंड ओढ्यांच्या मुखाशी उन्हाळ्यात मासे दाटीनं थांबतात. पाणी ८० च्या वर असताना त्यांना तिथे छळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती त्यांची तग धरण्याची जागा आहे.

टप्पा ८: पाणी गार होताना

सप्टेंबरअखेर तापमान ६० च्या घरात आलं की मासा छोट्या माशांमागे लागतो. वाहत्या पानांच्या दिवसांत तीन तोंडांचे गळ असलेली लूर डोक्याला ताप देतात, एक गळाचं स्पिनरबेट किंवा ट्यूब बरी.

५५ च्या खाली जर्कबेट काढा: दोन छोटे झटके, मग थांबा. नवखे इथे हरतात, कारण थांबवत नाही. पाणी ५५ असताना मनात तीनपर्यंत मोजा, ५० ला पाचपर्यंत, ४५ ला दहा किंवा त्याहून जास्त. चावा थांबलेल्या क्षणीच येतो.

४५ च्या खाली केसांची जिग, संथ डोहाच्या तळाला, जवळजवळ न हलवता. चावा म्हणजे फक्त ओलं पान अडकल्यासारखं जडपण. शंका आली की रॉड उचला. या दिवसांत छातीभर पाण्यात उतरू नका. पडलात तर गार पाण्यात हात काही मिनिटांत काम करेनासे होतात.

टप्पा ९: मासा हाताळणं आणि परत सोडणं

ड्रॅग (मासा ओढू लागला की रीळ लाइन सोडतं तो ताण) लाइनच्या ताकदीच्या साधारण चौथ्या हिश्शावर ठेवा, ८ पाउंडाला दोन पाउंड. मासा हवेत उडी मारतो तेव्हा रॉडचं टोक खाली, पाण्याकडे न्या. उंच धरलं तर तो डोकं झटकून गळ काढतो.

हात ओले करा. खालचा ओठ अंगठ्यानं धरा आणि दुसऱ्या हातानं पोटाला आधार द्या, नुसत्या जबड्यावर आडवा लटकवू नका. तापलेल्या कातळावर ठेवू नका. गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता लाइन तोंडाजवळ कापा. फोटोसकट एका मिनिटाच्या आत मासा पाण्यात हवा. संथ पाण्यात, तोंड प्रवाहाकडे करून धरा, तो स्वतः शेपूट मारून निघेपर्यंत.

हॅरिसबर्गसाठी एक वेगळी सूचना

सिटी आयलंड या नदीतल्या बेटाच्या थोडं खाली डॉक स्ट्रीट डॅम आहे. उंची कमी, वरच्या अंगानं तर पाण्यातली एक सरळ रेघच दिसते, पण खालच्या बाजूला पाणी गोल फिरून सगळं परत धरणाकडे ओढतं. लाइफ जॅकेट घातलेली माणसंही तिथून सुटत नाहीत आणि तिथे अनेक जीव गेले आहेत. वरच्या किंवा खालच्या, कुठल्याच बाजूनं जवळ जाऊ नका. इशाऱ्याच्या खुणा दिसण्याआधीच कुठल्या काठाला बाहेर पडायचं ते ठरवा आणि कयाक घेऊन पहिल्यांदाच जात असाल तर बाहेर पडायची ती जागा पाण्यात उतरण्याआधी गाडीनं जाऊन डोळ्यांनी बघून या.